पडद्यापुढचे खेळ



वसंत व्याख्यानमालेत आजवर इतिहास, अर्थकारण, संतवाङ्मय असे भारदस्त विषय झाले असतील. त्या पंक्तीत खेळण्यांवर व्याख्यान म्हणजे ताटात चिंचा वाढल्यासारखे काहींना वाटेल. परंतु हा विषय आम्ही हौसेने घेतलेला नाही. तो आमच्या गळ्यात पडला. कसा, ते आधी सांगतो.

खाडीच्या या बाजूच्या एका वाचनालयाला बालविभागासाठी थोडी देणगी मिळाली. कार्यकारी मंडळातील तरुण सभासदांनी सूचना मांडली की, या पैशातून हालचालीवर चालणारे व्हिडिओ गेमचे यंत्र, म्हणजे ज्याला कन्सोल म्हणतात ते, घ्यावे. मुले नाहीतरी मोबाइलवर मान मोडून बसतात. त्यापेक्षा उभी राहून हातपाय तरी हलवतील. वडीलधाऱ्यांचे म्हणणे, वाचनालयाने पुस्तके घ्यावीत, हातपाय हलवायला मैदान आहे. दोन्ही पक्ष हट्टाला पेटले, तेव्हा कोणीतरी आमचे नाव सुचवले. आमची पात्रता एवढीच, की आम्ही तोपर्यंत दोहोंपैकी कोणाशीच भांडलो नव्हतो.

आम्ही म्हटले, न खेळता मत देणे हे पुस्तक न वाचता परीक्षण लिहिण्यासारखे आहे. आधी खेळू, मग बोलू. ओळखीच्या घरांतून दोन जुनी आणि एक अलीकडचे अशी तीन यंत्रे मागून आणली आणि चार रविवार एका पडवीत, आसपासची मुले व त्यांच्या आज्या यांच्यासह आम्ही खेळलो. त्या चार रविवारांचा हिशेब आज आपणांपुढे ठेवावयाचा आहे.

व्हिडिओ गेम म्हणजे दोन अंगठ्यांचा खेळ, ही समजूत बरीच वर्षे खरी होती. २००६ च्या नोव्हेंबरात निन्टेन्डो या जपानी कंपनीने 'वी' नावाचे यंत्र प्रथम अमेरिकेत विक्रीस आणले आणि ती समजूत मोडली. टीव्हीच्या रिमोटसारखी एक कांडी हातात धरायची आणि बॅट फिरवावी तशी फिरवायची, की पडद्यावरचा गडी बॅट फिरवतो. लोकांना हे इतके आवडले की, पुढे या यंत्राचे दहा कोटींहून अधिक नग खपले. मग प्रतिस्पर्धी स्वस्थ कसे बसतील? २०१० साली सोनीने 'मूव्ह' काढले. त्याच्या कांडीच्या टोकाला रंगीत प्रकाशाचा गोळा. कॅमेऱ्याला तो गोळा मोठा दिसला की हात जवळ आणि लहान दिसला की हात दूर, असा त्याचा सोपा हिशेब. या कांडीसाठी मुंबईच्या 'ट्राइन' कंपनीने गल्लीतल्या क्रिकेटचा एक खेळही तयार केला. त्याच २०१० च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टचे 'किनेक्ट' आले. त्यात तर हातात काहीच धरावयाचे नव्हते. २०१७ साली किनेक्टचे उत्पादन थांबले, 'वी'चे त्याआधीच थांबले होते. आणि त्याच २०१७ मध्ये निन्टेन्डोचे 'स्विच' आले. म्हणजे ही कल्पना जन्मास येऊन वीस वर्षे होत आली. आता तिचे मूल्यमापन करावयास हरकत नाही.

पहिल्या रविवारी 'वी' लावले. त्याच्याबरोबर टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ आणि मुष्टियुद्ध असे पाच खेळ येत. आम्ही टेनिस घेतले. पदर खोचून एक आजी समोर उभ्या राहिल्या. त्यांनी जन्मात टेनिसची रॅकेट धरलेली नव्हती. पण तिसऱ्या चेंडूला त्यांना नेम साधला आणि दहाव्याला त्यांनी नातवाला हरवले. पडवीत जो कल्लोळ झाला तो आम्हांला अजून ऐकू येतो. आजी आणि नातू एकाच खेळात बरोबरीने उतरले आहेत, हे दृश्य आम्ही कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. ही या यंत्राची जमेची बाजू पहिल्याच पानावर लिहून ठेवली पाहिजे.

आम्ही मात्र दंड खांद्यापासून फिरवून घामाघूम झालो होतो. ते पाहून एक दहा वर्षांचा मुलगा म्हणाला, "आजोबा, एवढा हात कशाला फिरवता? बसा खुर्चीत आणि नुसतं मनगट झटका." बसून पाहिले, तर खरेच तेवढ्याने भागत होते!

याचे कारण यंत्राच्या रचनेत आहे. कांडीच्या पोटात सिलिकॉनचा एक चिमुकला तुकडा सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला असतो. एसटीने अचानक वेग घेतला की उभा प्रवासी मागे कलतो, तसा हात झटकला की तो तुकडा किंचित मागे राहतो, आणि त्या मागे राहण्यावरून यंत्र झटक्याचे माप घेते. झटका खांद्यातून आला की मनगटातून, हे त्याला फारसे कळत नाही. २००९ साली फिरण्याचे माप घेणारा आणखी एक भाग त्याला जोडण्यात आला, त्याने नेमकेपणा पुष्कळ वाढला. तरी यंत्र पाहते ते कांडीला, माणसाला नव्हे. टीव्हीपाशी ठेवावयाच्या पट्टीला सेन्सर म्हणतात, पण तिच्यात नुसते डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे दिवे असतात. पाहणारा डोळा असतो कांडीच्या टोकाला. पट्टी काढून तिच्या जागी दोन मेणबत्त्या लावल्या, तरी यंत्राचे काम चालले.

दुसऱ्या रविवारी 'किनेक्ट' लावले. ते समोरच्या जागेवर अवरक्त ठिपक्यांची जणू रांगोळी टाकते, कोणता ठिपका किती सरकला यावरून अंतर काढते, आणि सेकंदाला सुमारे तीस वेळा आपल्या शरीराचे वीस सांधे अदमासाने मांडते. एका गड्याला सुमारे सहा फूट आणि दोघांना आठ फूट मोकळी जागा लागते. मुंबईच्या चाळीतल्या खोलीत एवढी जागा काढावयाची म्हणजे कॉट बाहेर काढावी लागेल. आमच्या पडवीला ती सहज होती. शहरासाठी झालेल्या वस्तूला खेडे अधिक मानवले, ही गंमतच म्हणायची. मात्र असे यंत्र सांधे बाह्यरेषेवरून ओळखते. त्यामुळे घोळदार वस्त्रात गुडघा कोठे आहे हे ताडणे त्याला जड जाते. आज्यांना त्या दिवशी प्रेक्षकांत बसावे लागले.

त्यात तराफ्याचा एक खेळ आहे. दोघांनी तराफ्यावर उभे राहायचे, डावी-उजवीकडे सरकून तो वळवायचा आणि एकाच वेळी उडी मारली की तराफाही उडतो. मुले हसून लोळली. आम्हीही नाचलो. पण पंधरा मिनिटांनी काहीतरी चुकल्यासारखे वाटू लागले, आणि ते काय, हे आमच्या शेजारी बसलेल्या एका जुन्या नावाड्याने सांगितले. ते म्हणाले, "भाऊ, नदी आहे, तराफा आहे, सगळं आहे, पण वल्हं कुठं लागतंय?"

बंधुभगिनींनो, चार रविवारांत आम्ही जे शोधत होतो ते या एका वाक्यात आले. वल्हे मारताना पाणी त्याला अडवते, आणि पाणी अडवते म्हणूनच होडी पुढे जाते. आपण राहतो त्या धरमतरच्या नावातच 'तर' आहे. आज आपण पुलावरून मिनिटभरात अलिबागच्या बाजूला जातो; पूल होण्यापूर्वी ही खाडी तरीतून ओलांडावी लागे. ज्यांनी भरतीच्या तोंडाशी होडी घातली आहे त्यांना पाण्याचे हे अडवणे दंडात ठाऊक आहे. पेणच्या मूर्तिकाराचा अंगठा शाडूत रुततो तेव्हा माती त्याला उलट रेटते. त्या रेट्यावरूनच माती पुरती मळली की नाही हे त्याला समजते. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा पाय समोरचा गडी धरतो. पडद्यावरचा गडी पाय धरीत नाही. या यंत्रांत हालचाल आहे, पण भार नाही. करणे आहे, पण अडणे नाही. हात हवेतून जातो आणि हवेतच संपतो. म्हणून त्या खेळाने करमणूक होते, थोडा घामही येतो, परंतु अंगात कसब उतरत नाही.

हे यंत्रे करणाऱ्यांनाही उमगले असावे. तिसऱ्या रविवारी आम्ही 'स्विच' लावले आणि त्यावर २०१९ साली निघालेला 'रिंग फिट अ‍ॅडव्हेंचर' हा खेळ घेतला. त्यात हातात एक लवचीक कडे येते आणि मांडीला एक पट्टा बांधावयाचा असतो. जागच्या जागी धावले की पडद्यावरचा गडी धावतो. कडे दाबले की वार होतो. हे कडे दाबायला जोर लागतो, आणि ते किती दबले याचे माप यंत्र घेते. येथे मनगटाची चलाखी फारशी चालत नाही. दहा मिनिटांत आमच्या मांड्या भरून आल्या. मध्येच यंत्र अंगठा टेकवायला सांगून नाडीचे ठोकेही मोजते. आमचे ठोके पाहून मंडळींनी आम्हांला खुर्ची दिली. या तिन्ही यंत्रांत व्यायाम म्हणण्याजोगे काही असेल तर ते यात आहे. कारण यात कोणीतरी उलट रेटते.

येथपर्यंत आमचे मत ठरल्यासारखे होते. मंडळाला सांगावयाचे की, पुस्तके घ्या. परंतु चौथा रविवार अजून व्हावयाचा होता.

आम्हांला मनगट झटकावयास सांगणारा तो दहा वर्षांचा मुलगा. त्याचा एक पाय लहानपणापासून अधू आहे. कबड्डीत त्याला कोणी घेत नाही. मुले दुष्ट नाहीत. पण डाव जिंकावयाचा असतो आणि हा पळू शकत नाही. तो मैदानाच्या कडेला बसून गुण मोजतो. चौथ्या रविवारी मुलांनी बोलिंगचा सामना लावला. हा खुर्चीत बसून खेळला आणि साऱ्यांना हरवून पहिला आला. मग मोठी मुले त्याच्याभोवती जमली आणि "मनगट कसं वळवतोस ते दाखव रे," म्हणून विचारू लागली. त्याला कोणी काही विचारते आहे, हे आम्ही तेव्हा प्रथम पाहिले.

घरी जाताना आम्ही अस्वस्थ होतो. यंत्र शरीर पाहत नाही, ही आमची तक्रार. आणि नेमके तेच त्या मुलाच्या कामी आले होते. त्याला पाय दिसला नाही, म्हणून पायाने मुलाला बाहेर ठेवले नाही. आमच्या आवडत्या मैदानाला मात्र तो पाय फार स्पष्ट दिसतो. पक्षाघाताच्या रोग्यांना हात हलवावयास लावण्यासाठी परदेशांतील रुग्णालयांनी 'वी' वापरून पाहिले, त्याचेही मर्म हेच असावे. जेथे अडथळा आधीच डोंगराएवढा आहे, तेथे अडथळा नसलेला खेळ ही दया ठरते.

तेव्हा आमचे मत असे. यंत्र घ्यावे; परंतु तीन गोष्टी ध्यानात धरून. पहिली, त्याला व्यायाम म्हणू नये. तो पत्ते-कॅरमच्या जातीचा खेळ आहे. पावसाळ्याचे चार महिने मैदान चिखलात असते, तेव्हा त्याचे मोल विशेष. दुसरी, तो एकट्याने खेळू देऊ नये. आजी-नातू, धडधाकट आणि अधू, अशी जोडी असेल तरच लावावा. त्याचा खरा गुण माणसे जवळ आणण्यात आहे. तिसरी आणि महत्त्वाची, त्याच्या नावाखाली मैदानाचा व पाण्याचा खर्च कापू नये.

पाण्याचा मुद्दाम म्हणतो. याच धरमतरहून मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापर्यंत सुमारे पस्तीस किलोमीटर अंतर जलतरणपटू पोहून जातात. त्यांत शाळकरी मुले-मुलीही असतात. ओहोटी साधून ती पाण्यात उतरतात आणि पुढचे कित्येक तास समुद्राशी हात करतात. पाण्याचा एक गुण आम्हांला या चार रविवारांनंतर नव्याने जाणवला. ते अडवते, तसेच उचलूनही धरते. मैदानावर अधू पायावर सारा भार येतो. पाण्यात तो भार पाणी घेते आणि उरलेल्या अंगाला मात्र पुरते कामाला लावते. यंत्राची दया आणि मैदानाची कसोटी, दोन्ही एके ठिकाणी हवी असतील तर ती आपल्या दाराशी आहेत. पोहणे शिकवणारे जाणते माणूस, दोरी, तरंगते ट्यूब आणि कोणाच्या तरी सकाळचे दोन तास, एवढेच हवे.

मंडळाची सभा व्हावयाची आहे. यंत्राचा ठराव होईल तो होवो. परंतु त्या मुलाला पोहावयास कोणी शिकवावे, याचा ठराव कोणत्याही सभेत येत नसतो. तो आपल्यापैकीच कोणीतरी मनाशी करावा लागतो. आमच्या नावाडीभाऊंनी तो केला आहे. पाऊस सुरू होण्यापूर्वी, गावच्या तळ्यात, ते आरंभ करणार आहेत. ज्यांना सकाळी वेळ असेल त्यांनी काठावर यावे. गुण मोजावयास तेथे कोणी लागणार नाही. पण पुढच्या मुलाचा हात धरावयास माणसे लागतील.