‘कशावरून?’

(चिखली येथे अकरावी-बारावीच्या आणि नुकत्याच कंपनीत लागलेल्या मुलींसाठी घेतलेल्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



फळ्यावर ‘तर्कशास्त्राची ओळख’ असं लिहिलं आहे. ते वाचून मागच्या रांगेतल्या दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं, ते मला दिसलं. नाव जड आहे, गोष्ट तेवढी जड नाही. आपल्या बोलीत तिच्यासाठी एक शब्द पुरतो : ‘कशावरून?’ कोणी काही सांगितलं की हा शब्द विचारायचा आणि उत्तर नीट ऐकून घ्यायचं. उत्तर ऐकायचं कसं, त्यात भोक कुठे असतं, एवढंच आज बघायचं आहे.

एक वाक्य घेऊ. ‘रात्रपाळीला जाणाऱ्या मुली बिघडतात.’ घरकुलात, साने चौकात, गावठाणात, कुठेही हे ऐकायला मिळतं. याचे दोन तुकडे करा. रात्रपाळीला जाणाऱ्या मुली म्हणजे कोण, ते आपल्याला ठाऊक आहे. चाकणच्या कंपनीची बस येते, त्यात तुमच्यातल्याही काही जणी चढतात. पण ‘बिघडतात’ म्हणजे काय होतं? उशिरा उठतात? पगाराचा हिशेब स्वतःकडे ठेवतात? बरोबर काम करणाऱ्या मुलांशी बोलतात? लग्नाचं काढलं की ‘दोन वर्षं थांबा’ म्हणतात? बोलणाऱ्याला विचारून पाहा. तो आधी एक सांगेल, त्याला उत्तर दिलंत की दुसरं सांगेल. शब्दाचा अर्थ असा सरकत राहिला तर वाद कधीच संपत नाही, आणि बोलणाऱ्याची तीच सोय असते. म्हणून आधी अर्थ ठरवून घ्यायचा. ‘काका, बिघडणं म्हणजे नेमकं काय म्हणताय?’ एवढं शांतपणे विचारलं तरी पुष्कळ होतं. उद्धटपणा करायची गरज नाही.

अर्थ ठरला की मग पुढचं. कोणताही युक्तिवाद उलगडला तर त्यात एक निष्कर्ष असतो, एक कारण असतं, आणि त्या दोघांना बांधणारा एक जोड असतो. निष्कर्ष मोठ्याने बोलला जातो. कारण हळू बोलतात. जोड तर बोललाच जात नाही, तो गृहीत धरलेला असतो. ‘ती विधवा आहे, तिला हळदीकुंकवाला बोलवू नका.’ कारण आहे, निष्कर्ष आहे. जोड कुठे आहे? ‘नवरा मेलेली बाई अशुभ असते’ हा जोड. तो उघड शब्दांत बोलून दाखवायला लावा. पुष्कळ जणांची जीभ तिथे अडखळते. जोड उघड करून दाखवणं ही निम्मी लढाई आहे, असं मला वस्तीत काम करताना वाटत आलं आहे.

आता हे जोड तयार कुठून होतात? पहिली वाट ‘शितावरून भाताची परीक्षा’. आपण रोज करतो. एक शीत बोटांत दाबलं की सगळा भात शिजला का ते कळतं. हे अनुमान बरोबर का ठरतं? तांदूळ एक, पाणी एक, पातेलं एक, आच एक. एका शिताचं जे झालं तेच बाकीच्यांचं झालं असणार, याला आधार आहे. माणसांचं तसं नसतं. आपल्याकडे मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून लोक कामाला आले. त्यांतल्या एकाने चोरी केली की ‘हे बाहेरचे सगळे असेच’ असं होतं. गावातल्या कोणी चोरी केली तर मात्र तो एकटा चोर असतो, सगळा गाव चोर होत नाही! शीत एकच, पण पातेली हजार. तेव्हा नमुन्यावरून सगळ्यांबद्दल बोलणाऱ्याला दोन गोष्टी विचाराव्यात : किती शितं पाहिलीत, आणि सगळी एकाच पातेल्यातली होती का?

दुसरी वाट धुराची आणि आगीची. ही आपल्या देशातली फार जुनी आहे. न्यायदर्शनात अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर दिसतो, हा हेतू. जिथे धूर तिथे आग, जशी चुलीत, हे उदाहरण. या डोंगरावर तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून तिथे आग आहे, हे निगमन. नावं पाठ केली नाहीत तरी चालेल. ‘जिथे धूर तिथे आग’ या पक्क्या संबंधाला ते व्याप्ती म्हणत, हा एक शब्द मात्र लक्षात ठेवा. सगळी इमारत व्याप्तीवर उभी असते.

यात दोन जागी माणूस फसतो. पहिली जागा म्हणजे धूर म्हणून जे दिसतं तो धूरच आहे का? धुकं असेल, धूळ असेल. एखाद्या मुलीबद्दल कुजबुज सुरू झाली की लोक म्हणतात, आगीशिवाय धूर निघत नाही. पण कुजबुज हा धूर आहे हे कशावरून? कुणी नकार पचवू शकला नाही म्हणून कुजबुज होते, जागेच्या भांडणातून होते, वेळ जात नाही म्हणूनही होते.

दुसरी जागा जास्त निसरडी आहे, तिथे शिकलेलेही पडतात. ‘जिथे धूर तिथे आग’ हे मान्य. यावरून ‘जिथे आग तिथे धूर’ असं होतं का? होत नाही. नैयायिकांनी यासाठी तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचा दाखला दिला आहे. आपल्या पट्ट्यात तो पुस्तकात शोधायला नको. ज्यांचे वडील किंवा भाऊ फोर्जिंगच्या खात्यात आहेत त्यांना विचारा. लालबुंद लोखंड भट्टीतून बाहेर येतं, धूर नसतो, हात लावून बघा म्हणजे आग आहे की नाही ते कळेल. म्हणजे ‘धूर नाही, म्हणून आग नाही’ हे अनुमान चुकीचं.

हे एवढं घोळून का सांगते? याच एका चुकीवर या देशातल्या सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल उभा होता.

२६ मार्च १९७२. देसाईगंज, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, आता गडचिरोली. मथुरा नावाची चौदा ते सोळा वर्षांची, मोलमजुरी करणारी आदिवासी मुलगी एका तक्रारीच्या चौकशीसाठी रात्री पोलीस ठाण्यात आणली गेली. बरोबरच्या नातेवाइकांना बाहेर जायला सांगून तिला आत ठेवून घेतलं. तिथे पोलिसांनी आपल्यावर अत्याचार केला असं तिने सांगितलं. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं. ‘तिला शरीरसंबंधाची सवय होती’ हे तिथे कारण म्हणून आलं. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरलं. असहायपणे गप्प राहणं म्हणजे इच्छा नव्हे, असं त्या न्यायालयाचं म्हणणं होतं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणून प्रतिकार झाला नाही. प्रतिकार झाला नाही, म्हणून संमती होती.

आता तुम्ही सांगा, जोड कुठे आहे? जखमा असतील तर जबरदस्ती झाली असावी, हे समजू शकतं. तो धूर झाला. पण जखमा नाहीत म्हणून जबरदस्ती नाही? हा तापलेल्या लोखंडाचा गोळा आहे. रात्रीची वेळ, पोलीस ठाणं, समोर वर्दी, बाहेर अंधारात नातेवाईक. पोरीचं अंग भीतीने लाकडासारखं होतं, जखम होईल कशी?

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना एक खुलं पत्र लिहिलं. त्यात बऱ्याच गोष्टी आहेत, पण मला त्यातला तर्काचा मुद्दा सर्वांत मोलाचा वाटतो. संमती असते तिथे बाई विरोध करत नाही, हे खरं. पण विरोध केला नाही तिथे संमती असतेच, असं नाही. धूर आणि आगच! पुढच्या वर्षी, ८ मार्च १९८० ला, या निकालाच्या फेरविचारासाठी ठिकठिकाणी बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि बाईने ‘माझी संमती नव्हती’ असं सांगितलं, तर न्यायालयाने तसं गृहीत धरायचं. आणि केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही, हे २०१३ च्या दुरुस्तीने स्पष्टपणे कायद्यात आलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही ते आहे. चूक १९७८ ची, दुरुस्ती २०१३ ची. मधली पस्तीस वर्षं मोजून पाहा. मथुरेला मात्र यातलं काही मिळालं नाही.

वकिलांनीच असं बोलावं असं नाही. सुरतेत १८८१ मध्ये विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी झाली. त्यावरून वर्तमानपत्रांत समस्त बायकांच्या नीतीचा उद्धार सुरू झाला. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापून त्याला उत्तर दिलं. (बुलढाणा जिल्ह्यातही एक चिखली आहे. तिथल्या कोणी इथे असतील तर त्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही!) ताराबाईंचा राग सगळे सांगतात, त्यांची रीत कोणी सांगत नाही. रीत अशी : बायकांवर लावलेला एकेक दोष उचलायचा आणि तोच काटा, तीच वजनं घेऊन पुरुषाला तोलायचं. बाई कपटी? बरं, मग पुरुषांची कपटं मोजू. नवरा देव? तर मग देवासारखं वागणं त्याच्याकडे लागलं की नाही? बायको मेल्यावर नवऱ्याला दुसरी चालते, तर नवरा मेल्यावर बायकोला का नाही? दोन सारख्या गोष्टींना वेगळी वागणूक द्यायची असेल तर त्यांच्यात कामाचा फरक दाखवावा लागतो. फरक दाखवता येत नसेल तर नियम मागे घ्यावा लागतो. हा काटा घरातही चालतो. ‘दादाला सहलीला पाठवलंत, मला का नाही?’ ‘तो मुलगा आहे’ हे उत्तर आलं तर तो फरक आहे खरा, पण सहलीच्या कामाचा आहे का?

त्याच्याही आधी, १८५५ मध्ये, फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीचा निबंध ‘ज्ञानोदया’त आला. वेद फक्त ब्राह्मणांचे, इतरांनी पाहायचे नाहीत, असं तुम्हीच म्हणता ना? मग आम्हाला धर्माचं पुस्तकच उरलं नाही, मग आमचा धर्म कोणता ते तरी सांगा, असा तिचा प्रश्न होता. समोरच्याचंच विधान खरं धरून त्याला कुठे नेऊन सोडलं पाहा. ती तुमच्याहून लहान होती.

असे प्रश्न विचारले की उत्तर देण्याऐवजी विचारणारीकडे बोट जातं. ‘तुझं लग्न झालं नाही, तुला काय कळतं?’ ‘संघटनेच्या बायकांनी डोकं फिरवलंय.’ बृहदारण्यकात गार्गीने याज्ञवल्क्याला प्रश्नावर प्रश्न विचारले, तेव्हा आता पुढे विचारशील तर तुझं डोकं गळून पडेल, असं त्याने तिला बजावलं. ती तेव्हा थांबली, पण त्याच सभेत पुन्हा उभी राहून तिने आणखी दोन प्रश्न विचारले. एवढं केलंत तरी पुरे.

कारणाबद्दल थोडं बोलायचं राहिलं. ८ डिसेंबर २०२३ ला इथून जवळच तळवड्यात, केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली. मेलेल्यांत बहुतेक बायकाच होत्या. अशा प्रत्येक आगीनंतर ‘ठिणगी पडली’ हे कारण सांगितलं जातं. ते खोटं नसतं, पण ते ‘आग का लागली’ याचं उत्तर आहे. ‘इतक्या जणी का मेल्या’ हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याच्या उत्तरात दारं किती होती, परवानगी होती का, तपासणीला कोण आलं होतं, तिथे बायकाच का होत्या, हे सगळं येतं. प्रश्न बदलला की आरोपी बदलतो. म्हणून कुठल्याही चौकशीत आधी प्रश्न कोणता लिहिलाय ते वाचा.

आणि आता आपल्याबद्दल. आपल्या गटांतही ढिलं बोललं जातं. ‘बाईच बाईची शत्रू’ याला आपण लगेच उत्तर देतो, पण ‘बाई खोटं बोलणारच नाही’ हेही शितावरून भातच आहे. बाईचं म्हणणं विश्वासाने ऐकायचं, तिला पाठीशी घालायचं, ही आपली कामाची पद्धत आहे आणि ती बरोबर आहे. ते अनुमान नव्हे. हा फरक आपण सांभाळला नाही तर ठाण्यात नि कोर्टात आपलीच बाई उघडी पडते. कार्यकर्त्यांना हे आवडत नाही, तरी मी सांगत राहते.

चहा आला आहे. चहानंतर पाच-पाच जणींचे गट करू. प्रत्येक गटाला एक चिठ्ठी मिळेल, तीत घरी किंवा कंपनीत ऐकलेलं एक वाक्य असेल. निष्कर्ष कोणता, कारण कोणतं, न बोललेला जोड कोणता, ते तीन ओळींत लिहा. जोड सापडला नाही तर वाक्य मोठ्याने वाचून ‘कशावरून?’ असं एकमेकींना विचारा. पहिली चिठ्ठी मीच लिहिली आहे : ‘शिकून काय करणार, शेवटी चूलच फुंकायची आहे.’