आधी पलंग ठरवा, मग भिंत फोडा

बडोद्याहून बोलतोय. आजचा विषय ऐकून काही जणांना वाटेल, फौजी माणसाचा घर सजवण्याशी काय संबंध? संबंध आहे. नोकरीत दर दोन-तीन वर्षांनी बदली. काळ्या पत्र्याच्या ट्रंका भरायच्या, नव्या गावात नवं क्वार्टर, आणि एम.ई.एस.ने दिलेलं तेच ते फर्निचर वेगळ्या खोल्यांत बसवायचं. भिंत आपली नाही, पलंग आपला नाही. बदलता येते फक्त जागा. मंडळी, तीस वर्षांत या एका गोष्टीचा भरपूर सराव झाला.

फौजेत हल्ल्याआधी जमिनीवर माती-वाळूचा नकाशा करतात. त्याला सँड मॉडेल म्हणतात. टेकडी कुठे, नाला कुठे, कोण कुठून जाणार, हे सगळ्यांना त्याच्यावर दाखवतात. चूक व्हायची तर वाळूत व्हावी. घराचंही तसंच आहे. चूक कागदावर झाली तर खोडरबराने पुसते. फरशी बसल्यावर झाली तर तिला पैसे पडतात.

बहुतेक घरांत काम उलट्या क्रमाने होतं. आधी तोडफोड, मग फरशी, मग रंग, आणि शेवटी दुकानात जाऊन सोफा. मग स्विचबोर्ड कपाटामागे जातो, आणि पलंगाशेजारी मोबाईल लावायला जागा नसते. माझा क्रम असा: आधी माणसं, मग फर्निचर, मग दिवे-स्विच आणि नळ, मग गवंडी, आणि रंग सगळ्यात शेवटी.

माणसं म्हणजे काय? एका वहीत लिहा: घरात कोण राहतं, कोण कितीला उठतं, कोण कुठे बसून चहा पितं, रात्री बाथरूमला कोण किती वेळा जातं. वास्तूबद्दल घरात कोणाची काही मतं असतील तर तीही याच वहीत, पहिल्याच दिवशी. काम निम्मं झाल्यावर ती निघाली तर कंत्राटदार आणि घरमालक दोघांचाही रक्तदाब वाढतो.

मग टेप घ्या. खोलीची लांबी-रुंदी तर मोजाच, पण दाराचं पान कुठे उघडतं, खिडकीची खालची कड किती उंचीवर आहे, बीम आणि कॉलम कुठे आहेत, हेही टिपा. कॉलम-बीमला हात लावायचा नाही. जुन्या, भिंतींवर उभ्या असलेल्या इमारतीत तर कोणतीही भिंत पाडण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा आणि सोसायटीची लेखी परवानगी घ्या. लिफ्ट आणि जिन्याचं वळणही मोजा. सात फुटांचा सोफा तिथूनच वर यायचा आहे.

आता आलेखाच्या कागदावर एक फुटाला एक सेंटिमीटर धरून खोली काढा. त्याच मापात फर्निचर पुठ्ठ्यातून कापा आणि सरकवून बघा. काही मापं पाठ असू द्या. डबल बेड पाच किंवा सहा फूट रुंद, साडेसहा फूट लांब. कपाटाची खोली दोन फूट. चालायच्या वाटेला तीन फूट, निदान अडीच. जेवणाच्या टेबलावर माणशी दोन फूट, आणि खुर्चीमागून कोणी जायचं असेल तर टेबलाच्या कडेपासून भिंतीपर्यंत निदान तीन फूट.

आमच्याच घराचं उदाहरण देतो. दोन बेडरूमचा फ्लॅट. एक खोली अकरा बाय तेरा, तिला जोडून बाथरूम. दुसरी दहा बाय अकरा, बाथरूम बाहेर. राहणारे तिघं: मी, पत्नी आणि माझी शहाऐंशी वर्षांची आई. कंत्राटदाराने नेहमीप्रमाणे मोठी खोली आमची धरली. त्यालाच मास्टर बेडरूम म्हणतात ना! वहीत मात्र लिहिलेलं होतं: आई रात्री तीन वेळा उठते. आम्ही दोघं एकदाही नाही. वही वाचून पत्नीच म्हणाली, “ती खोली आईंची.”

आता आम्ही दोघं दहा बाय अकरात. सहा फुटी पलंग ठेवला तर दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट उरतात. पायथ्याशी साडेचार फूट, त्यातले दोन कपाट खाणार. उरले अडीच. कपाटाचं दोन फुटी दार उघडलं की उभं राहायला अर्धा फूट! म्हणून पलंग पाच फुटी केला आणि कपाटाला सरकती दारं. याची किंमत मोजावी लागलीच. मुली कुटुंबासह येतात तेव्हा हॉलमध्ये गाद्या घालाव्या लागतात. ते आम्ही जाणून स्वीकारलं.

आईची हरकत वेगळीच होती. “मला मागच्या खोलीत ढकलू नका. घरात कोण आलं, कोण गेलं, मला दिसलं पाहिजे.” ही हरकत मोजपट्टीत सापडत नाही, पण नकाशात बसवता येते. पलंगाची दिशा बदलली, उशीवरून दारातून थेट हॉल दिसेल अशी. खिडकीची जागा त्यात सुटली. आईने दोन्ही जागा पुठ्ठ्यावर बघितल्या आणि हॉल निवडला.

पलंग एकेरी, उंची अशी की बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकतील. पलंगापासून बाथरूमपर्यंत सरळ, मोकळी वाट. मध्ये स्टूल नाही, पायपुसणं नाही, उंबरठा नाही. दिव्याचा स्विच उशीजवळ, दुसरा बाथरूमच्या दारापाशी.

आणि बाथरूमचं दार, हे नीट ऐका. जुन्या इमारतीत गाळा बहुधा अडीच फुटांचा. चौकट दोन्ही बाजूंनी अडीच-अडीच इंच खाते. उरले पंचवीस इंच. साधी चाकांची खुर्चीही साधारण तेवढीच रुंद. म्हणजे अडकणार. सरकारी सुगम्यता निकषांत मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन फूट सांगितली आहे, आणि खुर्ची वळवायला पाच फुटांचं वर्तुळ. आम्ही दार तेवढं रुंद केलं आणि ते बाहेर उघडणारं ठेवलं. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर दारच उघडत नाही. त्या दारासमोरची तीन फूट जागा रिकामी हवी, म्हणून कपाट समोरच्या भिंतीला गेलं. बघा, एका दाराने कपाट हलवलं. म्हणून म्हणतो, सगळं आधी कागदावर.

शेवटची परीक्षा जमिनीवर. वर्तमानपत्रं चिकटवून पलंग, कपाट, टेबल खऱ्या मापात अंथरा आणि दोन दिवस त्यांच्यामधून वावरा. रात्री दिवा न लावताही चालून बघा. जिथे कागद फाटेल तिथे उद्या गुडघा आपटणार आहे.

आई आज वॉकर घेऊन चालते. रात्री उठते, जाऊन येते, कोणाला हाक मारत नाही. तिला हाक मारायची सवय नाही आणि ती लागूही नये, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

तुमच्या घरात काम निघणार असेल तर या रविवारी फक्त वही आणि टेप काढा. हातोडा नंतर. जय हिंद!