पाळी चुकते तेव्हा चळवळ कुठं असते?

(हातकणंगल्यात झालेल्या युवक-युवतींच्या अभ्यास शिबिरातलं भाषण. बोलले तसंच छापायला दिलं आहे.)

मित्रहो, आणि मागच्या रांगेत दाटीवाटीनं बसलेल्या पोरींनो,

सकाळपासून इथं जमीन, नोकऱ्या, आरक्षण, अत्याचार यावर भाषणं झाली. सगळी बरोबरच होती. माझा विषय जेवणानंतर ठेवलाय, म्हणजे झोपेच्या वेळेला. पत्रिकेत 'महिलांचे आरोग्य' असं गुळमुळीत लिहिलंय. मी सरळ बोलते. मी बोलणार आहे नको असताना राहिलेल्या पोटाबद्दल, आणि त्या पोटाचं पुढं काय होतं त्याबद्दल. ज्याला लाज वाटते त्यानं बाहेर जाऊन चहा प्यावा.

मी इचलकरंजीत यंत्रमागाच्या शेडमध्ये कांड्या भरत वाढले. माझ्या आईची सहा बाळंतपणं. एकदा मी तिला विचारलं, एवढी कशाला गं? ती म्हणाली, "तुमच्यातली दोनच मी मागून घेतली. बाकीची आली." ती दोन कुठली, हे तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. आम्ही भावंडं अजून एकमेकांकडं बघून हसतो, पण ते हसणं खरं नव्हे.

आता कुणी म्हणेल, ही झाली अडाणी बाईची गोष्ट. मग आकडे ऐका. २०१५ सालचा भारताचा अंदाज 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात आला. त्या एका वर्षात देशात ४ कोटी ८१ लाख गर्भधारणा झाल्या. त्यातल्या जवळपास निम्म्या ठरवलेल्या नव्हत्या. आणि गर्भपात झाले १ कोटी ५६ लाख. म्हणजे दर तीन गर्भांमागं एक. साऱ्या जगातही तेच. २०१५ ते २०१९ या काळात दरवर्षी १२ कोटी १० लाख गर्भ नको असताना राहिले. त्यातले ६१ टक्के गर्भपातानं संपले. उरलेले आपोआप पडले, नाहीतर जन्माला आले. माझ्या आईच्या चार पोरांसारखे.

म्हणजे हे काही एखादीचं वाकडं पाऊल नव्हे. ही रोजची, घराघरातली गोष्ट आहे. या मांडवात जितक्या बायका बसल्यात, त्यांच्या घरात ही गोष्ट कुठं ना कुठं घडलेली आहे.

मग ती ऐकू का येत नाही? सरकारची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी आहे, २०१९-२१ ची. घरोघर जाऊन बायकांना विचारलं. त्यात गर्भपात निघाले जेमतेम तीन टक्के! एका हिशेबात दर तिसरा गर्भ, दुसऱ्या हिशेबात शंभरात तीन. मधल्या बायका गेल्या कुठं? कुठं गेल्या नाहीत. त्या गप्प बसल्या. दारात वही घेऊन उभ्या असलेल्या परक्या माणसाला, आत सासू बसलेली असताना, कोण सांगणार?

त्या गप्प बसलेल्यांतली एक मी आहे. आज पहिल्यांदा माईकवर सांगते.

दोन पोरं होती. धाकटं अंगावर पीत होतं. पाळी चुकली तेव्हा नवरा जयंतीच्या तयारीत होता. चांगला माणूस, चळवळीतला माणूस. म्हणाला, "तुझं तू बघ की, मला त्यातलं काय कळतंय?" मी दवाखान्यात गेले. टेबलापलीकडनं विचारणा झाली, नवऱ्याची सही कुठाय? मी सज्ञान बाई. माझी सही पुरते असा कायदा आहे. पण मला तेव्हा तो माहीत नव्हता, आणि ज्याला माहीत होता त्यानं सांगितला नाही. मी परत आले. मग एका ओळखीच्या बाईनं गोळ्या आणून दिल्या. कागद नाही, चिठ्ठी नाही, किती अंतरानं घ्यायच्या ते नाही. पाच दिवस रक्त जात होतं आणि मी कांडी मशीनवर उभी होते, कारण खाडा केला तर पगार कापला जातो. वाचले. मरू शकले असते.

त्या २०१५ च्या हिशेबात हेही आहे. १ कोटी ५६ लाखांपैकी दवाखान्यात झाले फक्त ३४ लाख. १ कोटी १५ लाख बायकांनी दवाखान्याबाहेर गोळ्या घेतल्या. आणि ८ लाख बायकांवर इतर उपाय झाले, त्यात काडीपासून सगळं आलं. गोळी वाईट नाही. भारतात ती २००२ पासून आहे. नऊ आठवड्यांच्या आत, डॉक्टरला विचारून, नीट घेतली तर ती भरवशाची आहे. वाईट आहे ते चोरून घेणं. पोरींनो, हे लिहून घ्या. लागोपाठ दोन तास, तासाला दोन-दोन पॅड भिजायला लागले, ताप चढला, एका बाजूला पोटात मरणाची कळ आली, तर लाज बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा.

आता कायदा. १९७१ साली गर्भपाताचा कायदा झाला, १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. साधन निकामी ठरलं म्हणून गर्भ पाडायची सवलत त्यात फक्त लग्नाच्या बाईला होती. २०२१ च्या दुरुस्तीत 'नवरा' हा शब्द जाऊन 'जोडीदार' आला. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. काही ठरावीक बायकांना, दोन डॉक्टरांच्या मतानं, चोवीसपर्यंत. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, बिनलग्नाच्या बाईलाही तोच हक्क. नवऱ्यानं जबरदस्ती केली असेल तर या कायद्यापुरता तो बलात्कारच धरायचा, हेही सांगितलं.

चांगलं झालं. पण कायदा पुन्हा वाचा. त्यात बाईनं 'मला नको' म्हणणं पुरत नाही. डॉक्टरचं मत लागतं. आणि कायद्याबाहेर गर्भ पाडला तर तो गुन्हा. आधी भारतीय दंड संहितेचं ३१२ कलम होतं, आता न्याय संहितेचं ८८. त्यात स्वतःचा गर्भ स्वतः पाडणारी बाईसुद्धा गुन्हेगार धरली आहे. म्हणजे या व्यवस्थेनं डॉक्टरला अभय दिलं, बाईला हक्क दिलाच नाही. पोट तिचं, मत दुसऱ्याचं!

इथनं म्हैसाळ लांब नाही. मिरज तालुक्यातलं. मार्च २०१७ मध्ये तिथं एका होमिओपॅथीच्या डॉक्टरकडं गर्भपात करताना बाई मेली, आणि मग पोलिसांनी ओढ्याकाठी उकरून १९ भ्रूण काढले. मुलगी म्हणून गर्भ पाडायला लावणं हा गुन्हा आहे, त्याला १९९४ चा वेगळा कायदा आहे, आणि त्याविरुद्ध आपण लढलंच पाहिजे. पण 'भ्रूणहत्या, भ्रूणहत्या' अशा घोषणा देताना काय झालं? गर्भपात म्हणजेच खून, असं लोकांच्या डोक्यात बसलं. तपासण्यांच्या धास्तीनं दुकानदार गोळ्या ठेवीनात. लिंग तपासणारा मोकळा राहिला तो राहिलाच, आणि संशय आला पाळी चुकलेल्या प्रत्येक बाईवर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

आणि गर्भ राहू नये याची जबाबदारी कुणाची? त्याच पाहणीत, लग्न झालेल्या शंभर बायकांमागं जवळपास ३८ जणींची नसबंदी झालेली. पुरुषांची किती? शंभरात अर्धासुद्धा नाही, ०.३! आणीबाणीत १९७६-७७ साली ८२ लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यात पुरुषांच्या जास्त. गोरगरिबांना धरून नेलं. ते पापच होतं. त्याचा राग मतपेटीत निघाला. त्यानंतर सरकारनं पुरुषाचं नाव घ्यायचं सोडलं आणि सुरी बाईकडं वळवली. त्यावर राग कुणाला आला नाही.

काही भाऊ मला म्हणतात, हे प्रश्न शहरी बायकांचे, परदेशातनं आलेले. अरे, १८६३ साली जोतिबा-सावित्रीनं पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते कशासाठी? दिवस गेलेल्या विधवेला गुपचूप बाळंत होता यावं, तिनं लेकराचा गळा घोटू नये म्हणून. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. 'समाजस्वास्थ्य'वर १९३४ साली खटला चालला तेव्हा त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले ते बाबासाहेब. खटला हरला, पण उभे राहिले. आणि १० नोव्हेंबर १९३८ ला मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला पी. जे. रोहम यांनी. त्यांचं भाषण तयार केलं होतं बाबासाहेबांनी. सभागृहानं तो ठराव पाडला. बाबासाहेबांना हा प्रश्न कायदेमंडळात न्यायच्या लायकीचा वाटला, आणि आपल्याला तो शिबिरात बोलायच्या लायकीचाही वाटत नाही?

याच हातकणंगले तालुक्यात माणगाव आहे. मार्च १९२० मध्ये तिथं परिषद झाली, शाहू महाराज आले, बाबासाहेबांना पुढारी म्हणून त्यांनी आपल्यापुढं उभं केलं. त्या परिषदेचं नाव घेताना आपली छाती फुगते. फुगू दे. पण माणगावहून घरी परतल्यावर बायकोला "तुझं तू बघ" म्हणणार असाल, तर ती छाती माझ्या काय कामाची?

म्हणून मी मागणी सरकारकडं करते आणि तुमच्याकडंही. सरकारी दवाखान्यात गर्भपात फुकट, कुणाची सही न मागता, जात-लग्न न विचारता झाला पाहिजे. ८८ कलमातनं बाईचं नाव काढलं पाहिजे. आणि पोरांनो, तुम्ही साधन वापरा. दोन पोरांवर नसबंदी करायची तर तुमची करा, ती बायकांच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आहे. पाळी चुकली असं ती म्हणाली तर पोस्टर खाली ठेवा आणि तिच्याबरोबर दवाखान्यात जाऊन बाकड्यावर बसा. काही बोलू नका. नुसतं बसा.

भाषण संपलं की मी त्या चिंचेखाली थांबणार आहे. ज्या पोरीला काही विचारायचं असेल तिनं यावं. नाव विचारणार नाही.

जय भीम!