लॅमिनिन : आपल्या ओपीडीतला विषय



 'मज्जासंस्था आणि पेशीबाह्य आधारद्रव्यातील आसंजक प्रथिने' हा आजचा विषय निमंत्रणपत्रिकेवर वाचून आमच्या स्वागत समितीतल्या एका कार्यकर्त्याने विचारलं, "सर, हे नांदेडात कशाला?" मी त्याला ओपीडीत येऊन बस म्हटलं.

तिथे एखादा पेशंट असा येतो, की बिडी जळत जळत बोटापर्यंत आली, कातडी भाजली, तरी त्याला पत्ता नाही. करंगळी आणि शेजारचं बोट आत वळलेलं. कोपराच्या आतल्या बाजूला हात फिरवला की अल्नर नस जाड झालेली लागते. कुष्ठरोग. हॅन्सनने नॉर्वेत १८७३ साली त्याचा जंतू पाहिला. पण हा जंतू नेमका नसेलाच का धरतो, हे उलगडायला पुढची सव्वाशे वर्षं गेली. नसेतल्या तंतूंना वेढणाऱ्या श्वान पेशींभोवती एक पातळ अस्तर असतं, त्यात लॅमिनिन असतं. तीन साखळ्यांचं हे प्रथिन पेशीवरच्या डिस्ट्रोग्लायकन या प्रथिनाला धरून राहतं. नसेभोवतीच्या लॅमिनिनमध्ये अल्फा-२ ही साखळी असते आणि कुष्ठरोगाचा जंतू तिच्याच टोकाला चिकटतो, असं रॉकफेलर विद्यापीठातल्या अनुरा रांबुक्काना यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखवलं. पुढच्या वर्षी डिस्ट्रोग्लायकनचा धागाही जुळला. ज्या खुंटीला पेशीने स्वतःला बांधून घेतलंय, तीच खुंटी धरून चोर आत येतो.

ही अल्फा-२ साखळी जन्मतःच सदोष असली तर? बाळ लुळं पडतं, मान धरत नाही, एमआरआयमध्ये मेंदूचा पांढरा भाग बदललेला दिसतो. हा दोष आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो, आणि आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत अजून आहे. हे बोलायला मला जरा अवघड जातं. समोर माझेच सोयरे बसलेत.

हेच अस्तर जखमेतही कामाला येतं. सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की हडंब्यात, म्हणजे मळणीयंत्रात, हात गेलेले शेतकरी येतात. नस शिवली तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, कारण श्वान पेशी आणि त्यांच्या अस्तराची नळी वाट दाखवायला शिल्लक असते. मज्जारज्जूत ती सोय नाही. उलट जखमेच्या व्रणात कॉन्ड्रॉइटिन सल्फेट असलेली प्रथिनं साठतात आणि वाढणाऱ्या तंतूला अडवतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पायातली ताकद गेलेल्या माणसांसमोर उभं राहिलेल्या आमच्या पिढीला हे कुणी वेगळं शिकवायला नको.

१९८२ पासून बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोगाचा जंतू मरतो. गेलेली नस मात्र त्या गोळ्यांनी परत येत नाही. प्रयोगशाळेतल्या मंडळींकडे आमचं मागणं म्हणूनच अगदी नेमकं आहे : जंतूची ती पकड कशी सोडवायची, आणि नस जाण्याआधी तिचं नुकसान ओळखायचं कसं, यावर बोला.

दुपारच्या सत्रात आमचे निवासी डॉक्टर पेशंटच्या नोंदी मांडतील. कुणी इंग्रजीत अडखळला तर त्याला मराठीत बोलू द्या. हैदराबादच्या पाहुण्यांना मराठी छान कळतं, मघाशी चहाच्या टेबलावर मी पाहिलंय.