लपविलेले दुखणे

(व्याख्यानाचा संपादित भाग)



शिवडीचे नाव निघाले की कोणाला किल्ला आठवतो, कोणाला खाडीच्या चिखलात हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी, तर २०२४ पासून कोणाला अटल सेतू. परंतु लालबाग, परळ, नायगाव या गिरणगावातील जुन्या कुटुंबांच्या मनात या नावाची आणखी एक ओळख आहे, आणि ती सहसा मोठ्याने सांगितली जात नाही. महापालिकेचे क्षयरोग रुग्णालय येथे आहे. आशिया खंडातील सर्वांत मोठ्या क्षयरुग्णालयांत त्याची गणना होते. गिरण्यांचे भोंगे थांबले, चाळींच्या जागी मनोरे उभे राहिले, पण या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागासमोरची रांग काही ओसरली नाही. आणि त्या रांगेत तोंडाला रुमाल बांधून उभा असलेला माणूस पुष्कळदा आपल्याच ओळखीचा निघतो. संसर्ग टाळण्याइतकाच तो रुमाल चेहरा झाकण्यासाठीही असतो, हे जाणत्यांना सांगावयास नको.

क्षय बरा होतो, ही गोष्ट आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये या रोगाचा जंतू जगासमोर मांडला, १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि पुढील काही दशकांत औषधांची पूर्ण साखळीच तयार झाली. मग अडते कोठे? अडते ते काळाच्या लांबीपाशी. ताप चार दिवसांत जातो, मोडलेले हाड सहा आठवड्यांत जुळते. साध्या, म्हणजे औषधांना दाद देणाऱ्या क्षयाला मात्र सहा महिने लागतात. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. औषधांना दाद न देणारा क्षय असेल तर आता आतापर्यंत दीड-दोन वर्षे लागत. एवढा दीर्घ काळ घरात आजार नांदवायचा, तर त्याला घरात जागा द्यावी लागते. आपल्या मध्यमवर्गीय घरांत नेमकी तीच दिली जात नाही. आजार येतो, राहतो आणि तो नाहीच असे सर्वजण मिळून भासवीत राहतात.

या भासविण्याची किंमत मोजून पाहावी. नव्या सुनेला क्षय झाला. सासरी कळू नये म्हणून गोळ्यांची पाकिटे कपाटात साड्यांच्या घडीखाली गेली. सकाळी स्वयंपाकघरात वर्दळ असते, म्हणून गोळी दुपारवर ढकलली गेली. दुपारी पाहुणे आले, राहून गेली. आठ दिवस माहेरी लग्न होते, पाकीट न्यायचे कसे? दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढले, चेहऱ्यावर तजेला आला आणि ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळ्या सुटल्या. जंतू मात्र गेलेले नव्हते. अर्धवट औषधातून तगून राहिलेले जंतू पुढच्या वेळी त्या औषधांना जुमानीत नाहीत. डॉक्टर ज्याला एमडीआर म्हणतात, त्या हट्टी क्षयाकडे जाणाऱ्या वाटांपैकी ही एक अगदी घरगुती वाट आहे. असा क्षय थेट दुसऱ्या रुग्णाकडूनही होतो, तेव्हा तो झालेल्या प्रत्येकाने औषधे टाळलीच असतील असा ग्रह कोणी करून घेऊ नये. परंतु पहिल्या वाटेवर पाटी लिहिलेली असते ती ‘लोक काय म्हणतील’ हीच.

लोक जे म्हणतात त्यातले बरेचसे चुकीचेही असते. रुग्णाचे ताट-वाटी वेगळे ठेवणे हा आपल्याकडचा पहिला उपाय. वस्तुतः क्षय भांड्यांतून पसरत नाही, हात लावल्याने नाही, एका पंक्तीत जेवल्यानेही नाही. तो पसरतो हवेतून, रुग्णाच्या खोकल्यातून उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांमधून. म्हणून वेगळ्या वाटीपेक्षा उघडी खिडकी मोलाची, आणि खोकताना तोंडावर धरलेले कापड त्याहून मोलाचे. मणक्याचा, आतड्याचा किंवा मानेतील गाठींचा क्षय तर सामान्यतः दुसऱ्याला होतच नाही. फुफ्फुसाच्या साध्या क्षयातही योग्य औषधे नियमाने सुरू झाली की काही आठवड्यांतच पसरण्याचा धोका पुष्कळ उतरतो. वाटी मात्र सहाही महिने वेगळी राहते, कधी त्यानंतरही. ती वेगळी वाटी जंतूंना अडवीत नाही. रोज दोन वेळा रुग्णाला त्याची पायरी तेवढी दाखवून देते.

येथे कोणी म्हणेल, बी.डी.डी. चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोलीत सात माणसे राहतात, तेथे रुग्ण ठेवायचा कसा? हा प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर आपल्याच देशाने जगाला दिले आहे. १९५६ साली मद्रासमध्ये एक अभ्यास सुरू झाला. गरीब वस्तीतील क्षयरुग्णांचे दोन गट केले. एका गटाला सॅनेटोरियममध्ये ठेवले, तेथे विश्रांती, सकस अन्न, मोकळी हवा. दुसऱ्या गटाला त्यांच्या दाटीवाटीच्या घरांतच ठेवून तीच औषधे दिली. वर्षअखेरीस दोन्ही गटांत बरे होण्याचे प्रमाण जवळपास सारखे निघाले. इतकेच नव्हे, तर घरी राहिलेल्या रुग्णांच्या कुटुंबीयांना अधिक प्रमाणात लागण झाली असेही आढळले नाही. १९५९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर जगभरातील सॅनेटोरियमे ओस पडू लागली. पांचगणीच्या थंड हवेची ऐपत नसलेल्या माणसाला आपल्या चाळीतल्या खोलीत बरे होता येते, हे सिद्ध झाले. अट एकच, औषध चुकता कामा नये. आणि औषध न चुकण्यासाठी ते घरातल्या सर्वांच्या डोळ्यांदेखत घेतले गेले पाहिजे.

परंतु केवळ गोळी गिळली म्हणजे दिवस सरतो असे नाही. लांबलेल्या आजारात खरा वैरी असतो तो रिकामा दिवस. या संदर्भात पं. कुमार गंधर्वांचे उदाहरण मराठी माणसाला मुद्दाम सांगण्याची गरज नाही, तरी ते नव्याने पाहण्याजोगे आहे. एप्रिल १९४७ मध्ये त्यांचा विवाह झाला आणि थोड्याच काळात फुफ्फुसाचा क्षय उघड झाला. कोरड्या हवेसाठी जानेवारी १९४८ मध्ये ते मुंबई सोडून देवासला गेले. वय तेवीस, नाव देशभर झालेले, आणि वैद्यकीय आज्ञा अशी की गायचे नाही. गवयाला गायचे नाही! काही वर्षे ते अंथरुणावर होते. एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झाले. स्ट्रेप्टोमायसिन मिळाल्यावर प्रकृती सुधारली आणि १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले.

त्या वर्षांविषयी बोलताना आपण चमत्काराची भाषा वापरतो. चमत्कारापेक्षा तेथे दोन अगदी व्यवहारी गोष्टी होत्या. पहिली म्हणजे पत्नी भानुमतीबाई. त्या स्वतः गायिका होत्या. देवासला त्यांनी शाळेत नोकरी धरली, घर चालविले आणि शुश्रूषाही केली. दुसरी म्हणजे कुमारांनी बंद पडलेल्या कामाच्या जागी त्याच्याच जवळचे काम शोधले. गाता येत नव्हते, ऐकता येत होते. दारावरून जाणाऱ्यांची, बायाबापड्यांची माळवी लोकगीते ते ऐकत राहिले, त्यांचा विचार करीत राहिले. पुढे त्यांच्या गायकीत, त्यांनी बांधलेल्या रागांत ते सारे उतरले. श्वास कमी पडतो म्हणून लहान लहान स्वरावलींची मांडणी आली, असे काही जाणकार म्हणतात. तो वाद संगीतज्ञांवर सोपवावा. आपल्या विषयापुरते एवढेच की आजाऱ्याने काही करू नये, पडून राहावे, ही घरच्यांची माया असली तरी ती पुरती बरोबर नाही. शिंप्याला शिलाई यंत्र चालविता येत नसेल, काजबटणे करता येतील. बॉर्डाच्या परीक्षेला बसता येत नसेल, धाकट्याचा अभ्यास घेता येईल. दिवसाला आकार देणारे काहीतरी काम रुग्णाच्या हाती राहिले पाहिजे.

मनाच्या बाजूविषयी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे, कारण घराघरांत तिच्यावरून गैरसमज होतात. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी सायक्लोसेरिन नावाचे एक औषध वर्षानुवर्षे दिले जात आले आहे. काही रुग्णांत त्याने तीव्र उदासी येते, झोप उडते, भास होतात, क्वचित जीव नकोसा होतो. अशा वेळी ‘मन खंबीर ठेव’, ‘रडतेस काय’ हा उपदेश निरुपयोगीच नव्हे तर घातक ठरतो. ती रडत नाही, औषध तिला रडवीत आहे. ही गोष्ट त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानी घालावयाची असते. तीच गोष्ट लालसर-नारिंगी लघवीची. रिफाम्पिसिन घेणाऱ्याला ती होतेच, त्यात घाबरण्याजोगे काही नाही. पण डोळे पिवळे दिसले, अन्नावरची वासना पार उडाली, ओकाऱ्या थांबेनात, तर मात्र लगेच दवाखाना गाठावा. कोणते सोसायचे आणि कोणते सांगायचे, हे घरातल्या निदान एका माणसाला ठाऊक असले पाहिजे.

मुंबईच्या दीप्ती चव्हाण यांना १९९९ साली, दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर, सोळाव्या वर्षी क्षयाचे निदान झाले. तो औषधांना दाद न देणारा निघाला. सहा वर्षे उपचार चालले, फुफ्फुसाच्या दोन शस्त्रक्रिया झाल्या. बरे झाल्यावर त्या गप्प बसल्या नाहीत. स्वतःच्या नावानिशी, चेहरा न झाकता क्षयाविषयी बोलू लागल्या. २००० साली मणक्याचा क्षय झाला होता, हे अमिताभ बच्चन यांनीही पुढे जाहीरपणे सांगितले. दोन्ही उदाहरणे आदरणीय, पण दीप्तीताईंचे अधिक अवघड. नामवंत पुरुषाने आजार सांगितला तर लोक कौतुक करतात, लग्नाच्या वयाच्या मुलीने सांगितला तर स्थळ परत जाते. जाता जाता सांगावेसे असे, की हिंदू विवाह कायद्यात क्षय हे घटस्फोटाचे कारण कधीच नव्हते. कायद्यात जे नाही ते आपण समाजाच्या वहीत लिहून ठेवले आहे.

घरात आजारी पडण्याचाही एक क्रम असतो. कर्ता पुरुष आजारी पडला तर दूध-अंडी त्याच्या ताटात येतात. गृहिणी आजारी पडली तर तीच स्वयंपाक करते आणि शेवटी उरलेले खाते. क्षयात हे फार महागात पडते. झारखंडमध्ये झालेला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. रुग्णांच्या कुटुंबीयांनाही दरमहा धान्य-डाळींचा शिधा दिला, तेव्हा त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्या मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. बदाम-पिस्ते नकोत, पोटभर भाकरी, उसळ, शेंगदाणे, ऐपत असेल तर दूध-अंडे. आणि ताट आधी वाढायचे, उरल्यावर नव्हे.

पैशाची बाजूही लाजून टाळू नये. निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून रुग्णाच्या खात्यात दरमहा ५०० रुपये जमा होत, नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये. कामगार विमा योजनेत असलेल्या कामगाराला, पात्रतेच्या अटी पूर्ण होत असल्यास, क्षयासाठी दोन वर्षांपर्यंत वेतनाच्या ८० टक्के दराने भत्ता मिळू शकतो. कित्येक जण तो मागत नाहीत, कारण मागायचा तर आजार सांगावा लागतो. ज्याला आपल्या भागातील एखाद्या रुग्णाचा शिधा उचलायचा असेल, त्याच्यासाठी सप्टेंबर २०२२ पासून निक्षय मित्र म्हणून नोंदणीची सोय आहे. पण नुसता शिधा पोहोचवून कार्यकर्त्याने परत फिरू नये. अर्धा तास बसावे. आजाराखेरीज दुसरे काहीतरी बोलावे. त्या घरचा चहा घ्यावा, आणि तो घेतला हे शेजाऱ्यांनी पाहावे.

उपचारही आता पूर्वीसारखे दुर्धर राहिलेले नाहीत. कानात कायमचा बहिरेपणा आणू शकणारी ती रोजची इंजेक्शने औषधयोजनेतून मागे पडली. २०१६ मध्ये बेडाक्विलिन हे नवे औषध देशातील ज्या सहा केंद्रांत प्रथम उपलब्ध झाले, त्यांत शिवडीचे रुग्णालय होते. २०२४ मध्ये चार औषधांची, पूर्णपणे तोंडाने घ्यायची नवी योजना देशात मान्य झाली. योग्य रुग्णांत तिने औषधांना दाद न देणारा क्षयही सहा महिन्यांत आटोक्यात येऊ शकतो.

शेवटची गोळी घेतली की बहुतेक घरांत फाईल माळ्यावर जाते. ती खालीच ठेवावी. उपचार संपल्यावर सहा, बारा, अठरा आणि चोवीस महिन्यांनी तपासणी करून घ्यावयाची असते. त्या चार तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयात, सणवार आणि दुधाचा हिशेब लिहितो तेथेच, सर्वांना दिसतील अशा लिहाव्यात.