कुंडीतलं सोडण

वैशाखात गच्चीवरच्या कुंड्या सकाळी भिजवाव्यात आणि दुपारी रोपांनी माना टाकाव्यात, हा इथल्या अनेकांचा अनुभव असेल. मग कोणीतरी कोकोपीट घालायला सांगतं. रोपवाटिकेतून साडेसहाशे ग्रॅमची वीट येते, बादलीत फुगते आणि तशीच कुंडीत जाते. थोड्याच दिवसांत पानांच्या कडा करपू लागतात, आणि कोकोपीट वाईट असा शेरा बसतो. मला आज त्या विटेची बाजू मांडायची आहे. तिला आधी धुवावं लागतं आणि नंतर खाऊपिऊ घालावं लागतं, एवढं पटलं तरी आजची संध्याकाळ सत्कारणी लागली असं मी म्हणेन.

नारळ सोलला की सोडण उरतं. ते पाण्यात कुजवून, बडवून काथ्या वेगळा करायचा, ही जुनी पद्धत. आता बहुतेक ठिकाणी यंत्रं आहेत. किलोभर काथ्या निघतो तेव्हा दोनेक किलो भुसा खाली पडतो; तेच कोकोपीट. काथ्याला मान पहिल्यापासून होता. त्याचं सुंभ वळलं जाई, पायपुसणी होत, आणि १८५९ मध्ये केरळात अलप्पुळला त्याचा कारखानाही निघाला. भुशाला मात्र कोणी विचारत नव्हतं. केरळात, तमिळनाडूत त्याचे डोंगर वर्षानुवर्षं पडून राहिले. त्यात लिग्निन भरपूर, त्यामुळे तो लवकर कुजत नाही. पावसात त्यातून तांबूस पाणी झिरपून आसपासचे पाण्याचे साठे खराब होत.

हा न कुजण्याचा हट्टच कुंडीत उपयोगी पडतो. निव्वळ शेणखत-पालापाचोळ्यावर भरलेली कुंडी वर्षभरात निम्म्यावर बसते आणि मुळांभोवतीची हवा जाते. आपली काळी माती तर कुंडीत वाळली की भेगाळते आणि भिजली की चिखल होतो. सोडणाचा भुसा दोन-तीन वर्षं आपला पोकळपणा सांभाळतो. त्याचा कण स्पंजासारखा सच्छिद्र असतो. वजनाच्या सात-आठ पट पाणी धरूनही त्यात हवेला जागा राहते. शिवाय तो मातीपेक्षा पुष्कळ हलका, आणि जुन्या इमारतींच्या गच्चीवर बाग करणाऱ्यांनी हा मुद्दा गांभीर्याने घ्यावा असं मला वाटतं. युरोपात कुंड्यांसाठी दलदलीतलं पीट खणून काढत आले. त्याचा थर वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. म्हणून तिथले बागाईतदार सोडणाकडे वळले आणि तमिळनाडूतल्या पोळ्ळाचीच्या भुशाला जगभर गिऱ्हाईक मिळालं.

आता करपलेल्या कडांकडे येतो. नारळाचं झाड मुळात क्षार आवडीने घेणारं; कोकणात माडाच्या बुंध्याशी मीठ घालण्याची रीत आहे, ती उगाच नाही. पोटॅश आणि क्लोराइड सोडणात साठतात. त्यात ते खाडीच्या मचूळ पाण्यात कुजवलेलं असलं तर सोडियमही भरीला येतं. हे क्षार कणांना चिकटून बसतात. तुम्ही खत घातलंत की भुसा त्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम स्वतःकडे ओढून घेतो आणि बदल्यात सोडियम-पोटॅशियम सोडतो. झाडाच्या वाट्याला भलतंच येतं.

उपाय सोपा आहे. वीट फुगवा, जुन्या सुती कापडात घेऊन घट्ट पिळा, पुन्हा पाणी घाला, पुन्हा पिळा. पहिलं पाणी काळ्या चहासारखं उतरेल, तिसरं-चौथं फिकट. पण रंगावर विसंबू नका. रंग टॅनिनचा असतो, क्षार दिसत नाहीत. घरात पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रासाठी टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मोजायचं मीटर असेल, तर नळाचं पाणी आणि पिळलेलं पाणी दोन्ही मोजा. आकडे जवळ आले की थांबा. महागडी फुलझाडं लावायची असतील तर भुसा एक रात्र कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात ठेवून मग निथळून घ्यावा. कॅल्शियम आधीच जागा अडवून बसतो आणि सोडियम धुऊन जातो.

धुतलेला भुसा म्हणजे रिकामं ताट. त्यात नत्र जवळजवळ नाही. उलट कार्बन नत्राच्या शंभरपटीच्या घरात असल्याने जंतू झाडाच्या वाट्याचं नत्रही वापरतात. रोपं तयार करायच्या प्रो-ट्रेमधल्या टोमॅटोच्या रोपाला पहिले काही दिवस नुसतं कोकोपीट पुरतं, कारण बीज स्वतःची शिदोरी घेऊन येतं. पुढे मात्र खत हवंच. मी स्वतः तीन भाग पोयटा किंवा तांबडी माती, तीन भाग भुसा आणि दोन भाग गांडूळखत घेतो. मूठभर निंबोळी पेंड वरून. पावसाळ्यात उघड्यावर राहणाऱ्या कुंडीत भुसा निम्म्याने कमी करून जाड वाळू घालावी. पाणी देताना वरचा रंग पाहून फसू नका. वर फिकट, कोरडं दिसतं आणि तळाशी मुळं पाण्यात बसलेली असतात. कुंडी हाताने उचलून पाहा. दोन-चार दिवसांत वजन ओळखू येतं.

ऑर्किडला हा भुसा देऊ नका, गुदमरतं. त्याला सोडणाचे अंगठ्याएवढे तुकडे लागतात, मध्ये मोकळी हवा खेळणारे.

एका गोष्टीची मला मनापासून खंत आहे. आपल्या कोकणात हेच सोडण न्हाणीच्या चुलीत जातं आणि आपण प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वीट परप्रांतातून आणतो. वास्तविक माडाच्या आळ्याभोवती चर खणून त्यात सोडणं उताणी रचायची, वर माती ओढायची, हे बागाईतदार जाणतात. ती पावसाचं पाणी धरतात आणि उन्हाळ्यात मुळांना पुरवतात. मोठ्या कुंडीतही हेच जमतं. घरातल्या नारळाची सोडणं जपून ठेवा, आठवडाभर पाण्यात बुडवा, पाणी रोज बदला. मग ती उताणी करून कुंडीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात बसवा, तळाचं छिद्र तेवढं मोकळं ठेवा, आणि वर मिश्रण भरा. जास्वंद, कढीपत्ता, लिंबू यांना ते विशेष मानवतं.