नशा उतरते, व्यसन राहते

(दिंद्रुड येथे मिशनच्या वार्षिक मेळाव्यात एका निवृत्त परिचारिकेने केलेल्या भाषणाचा मजकूर)



तरुण संघाने मला चिठ्ठी पाठवली होती, "सिस्टर, कोकेनविषयी बोला." आपली मुले आता पुण्या-मुंबईला शिकायला आणि कामाला जातात, म्हणून विषय योग्यच आहे. आधी त्याविषयी सांगते.

कोकेन ही पांढरी पूड बहुधा नाकाने ओढतात. तिची नशा अर्धा तासही टिकत नाही, म्हणून माणूस पुन्हा पुन्हा घेतो. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, झोप आणि भूक जाते, बोलणे वाढते, छाती धडधडते. काही महिन्यांत वजन उतरते, नाक सतत वाहते किंवा त्यातून रक्त येते आणि पैशांचा हिशेब लागत नाही. रक्तातले कोकेन साधारण तासाभरात निम्मे होते. यकृत आणि रक्तातले पाचक घटक ते मोडतात. त्याचे अवशेष लघवीत 2 ते 4 दिवस सापडतात, रोज घेणाऱ्याच्या लघवीत त्याहून जास्त. सोबत दारू घेतली, तर यकृतात कोकाएथिलीन नावाचा तिसराच पदार्थ तयार होतो आणि तो हृदयावर फार ताण आणतो. कोकेन सोडल्यावर माणूस खूप झोपतो, खूप खातो आणि मनाने खचतो. त्या दिवसांत जीव द्यावा असे विचार येऊ शकतात, म्हणून त्याला एकटे ठेवू नका.

पण बहिणींनो, आपल्या वस्त्यांवर घरे मोडते ती दारू. शरीर तिचे काय करते, ते नीट ऐका.

देशीची एक क्वार्टर म्हणजे 180 मिलिलिटर. तिच्यात सुमारे 60 ग्रॅम अल्कोहोल असते. यकृत ते तासाला 7 ते 10 ग्रॅम एवढेच मोडू शकते. म्हणजे रात्री 9 वाजता क्वार्टर प्यायलेल्या माणसाच्या अंगात पहाटे 3 ते साडेपाचपर्यंत दारू असते. त्याच वेळी फडावर कोयता हातात येतो. लिंबू, ताक, काळा चहा, थंड पाण्याची आंघोळ यांतले काहीही यकृताची गती वाढवत नाही. पिऊन पडलेल्याला कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी झाली तर घशात अडकणार नाही.

हातभट्टीत मिथेनॉल असेल तर गोष्ट उलटी होते. तिथे यकृतच त्याचे विष बनवते. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, डोळ्यांपुढे धुके येते. जून 2015 मध्ये मुंबईत मालवणीला अशा दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. "नजर अंधुक झाली" असे कोणी म्हणाले की झोपू देऊ नका, तडक दवाखान्यात न्या.

आता माझी स्वतःची चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पारधी वस्तीवर आमची प्रार्थनासभा होत असे. ऊसतोडीवरून परतलेल्या एका भावाने रविवारी सर्वांसमोर दारू सोडण्याची शपथ घेतली. तो वर्षानुवर्षे रोज पिणारा होता. सकाळी त्याचे हात थरथरत आणि घोट पोटात गेला की थांबत. आम्ही आनंदाने गीते गायली. बाहेर जाऊन पिऊ नये म्हणून त्याला खोपीत बसवले आणि दाराशी दोघे राखण ठेवले. मी परिचारिका, तरी मी हो म्हटले. सोमवारी त्याला घाम सुटला, उलट्या झाल्या. आम्ही म्हणालो, विष बाहेर पडते आहे. मंगळवारी रात्री त्याला भिंतीवर साप दिसू लागले, बायकोला ओळखेना, आणि मग झटका आला. जीपमधून दवाखान्यात नेले. तो वाचला, पण थोडक्यात.

त्याची बायको मला म्हणाली, "बाई, त्याने देवाला शब्द दिला होता. मग देवाने असं का केलं?" मला उत्तर देता आले नाही. आज देते. ते देवाने केले नव्हते. ते आमच्या अज्ञानाने झाले.

रोजच्या दारूने मेंदू दबलेला असतो, आणि त्या दाबाला तोंड देत तो चढा चालायला शिकतो. दारू एकदम बंद झाली की दाब जातो, पण मेंदू तसाच चढा राहतो. 6 ते 12 तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होतो. उपचार नसतील तर माणूस दगावू शकतो. डॉक्टर शांत करणारी औषधे मोजून देतात, बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शने देतात, आणि हे दिवस पार पडतात.

म्हणून खूण लक्षात ठेवा: सकाळी थरथरणारे हात घोटाने थांबत असतील, किंवा पूर्वी सोडताना झटका आला असेल, तर त्याची दारू घरी एकदम तोडू नका. आधी डॉक्टर, मग शपथ. भाजीत गुपचूप औषध घालू नका. दारू सोडवायच्या गोळीवर तो प्यायला तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. ती गोळी त्याला सांगूनच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायची असते.

अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. पुण्यात डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलेले मुक्तांगण आहे. 14446 या क्रमांकावर फोनला पैसे पडत नाहीत.

दारू अंगातून जायला एक रात्र लागते, थरथर जायला आठवडा. ओढ मात्र महिनोन्‌महिने राहते. उचल हाती आली, मुकादमाने बाटली पुढे केली, घरी भांडण झाले, की ती जागी होते. तो भाऊही पुढे दोनदा घसरला. तिसऱ्या वेळी टिकला, कारण दवाखान्यानंतरही मंडळीतला एक जण दर आठवड्याला त्याच्याकडे जात राहिला.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकतो. त्याने जखमा बांधल्या, जखमीला उतारशाळेत नेले, खर्च दिला आणि परत येण्याचे वचन दिले. आपण प्रार्थना करतो आणि पुष्कळदा तिथेच थांबतो. दसरा झाला की टोळ्या निघतील. त्याआधी तुमच्या वस्तीवर सकाळी कोणाचे हात थरथरतात ते पाहा. वर्गणी देणाऱ्या मित्रांना माझी विनंती आहे, एका माणसाचे दवाखान्याचे गाडीभाडे आणि सोबत जाणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी एवढे द्या. आणि तो परत आला की त्याच्या दारी जा, पुढच्या आठवड्यातही जा.

प्रभू तुम्हांला आशीर्वाद देवो.